सूर्यास्त पावणेनऊचा : दोघांसाठी इटलीची निवांत वाट

पालघर-बोईसरच्या व्यापारी घरांत परदेश-सहलीचे माहितीपत्रक आले की नजर आधी एकाच ओळीवर जाते : ‘जैन भोजनाची सोय’. ती ओळ दिसली की बाकीचे ठरल्यासारखेच असते. बारा दिवसांत सहा-सात देश, चाळीस जणांची बस, सोबत रसोई करणारे महाराज, आणि दुपारी रोमच्या एखाद्या वाहनतळावर उघडलेले पुरी-भाजीचे डबे. यात गैर काहीच नाही. नियम सांभाळला जातो, वृद्धांना आधार राहतो, सोबतीला ओळखीची माणसे असतात. परंतु घरी परतल्यावर सुनेने विचारले, की इटलीची चव कशी होती, तर प्रामाणिक उत्तर एवढेच असते : आपल्याच भाजीसारखी.

असे एक दांपत्य डोळ्यांसमोर आणावे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कापड-कारखान्यांना माल पुरवणारी पेढी, लग्नाला तीस वर्षे, घरात मारवाडी वा गुजराती आणि गिऱ्हाइकाशी मराठी. दोघांचा प्रवास पुष्कळ झाला आहे : पालिताणा, शंखेश्वर, समेतशिखर. पण तो संघाबरोबर, आई-वडिलांबरोबर, मुलांबरोबर. दोघेच, असे कधी नाही. शेठ कदाचित मिलानलाही जाऊन आले असतील, कारण वस्त्रयंत्रांचे आयटीएमए हे मोठे प्रदर्शन २०१५ आणि २०२३ मध्ये तिथेच भरले होते. अशा फेरीत चार दिवस प्रदर्शनाच्या दालनांत जातात आणि पोटात खाखरा जातो. आता मुलगा गल्ल्यावर बसू लागला आहे. श्राविकांचा चौविहार आहे, कंदमूळ नाही, आठम-चौदसला लीलोतरी नाही. इटलीचे नाव निघाले की त्या हसून म्हणतात, ‘मी तिथे खाणार काय?’ शेठ गप्प बसतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. हा प्रश्न पाककृतीपेक्षा मोठा आहे. तीस वर्षांनी दोघांनी मिळून काही चाखायचे, की एकाने चाखायचे आणि दुसऱ्याने डबा उघडायचा, हे त्यावर ठरते.

या प्रश्नाचे उत्तर आहे. ते माहितीपत्रकात नाही, पंचांगात आहे.

व्यापाऱ्याला मोकळीक मिळते ती दिवाळीत. वहीपूजन झाले की लाभपंचमीपर्यंत बाजार सुस्त असतो आणि सहली त्याच आठवड्यात भरतात. जैन घरासाठी इटलीला जाण्याचा तो सर्वांत गैरसोयीचा काळ. एक तर चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालू असतो. दुसरे, युरोपातील घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात आणि त्यानंतर रोममध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथली भोजनगृहे मात्र साडेसातला उघडतात. चौविहार करणाऱ्याला रोज सायंकाळी उपाशी तरी राहावे लागते किंवा खोलीत बसून डबा तरी उघडावा लागतो.

याउलट वर्षीतपाची अक्षयतृतीयेची पारणी आटोपल्यानंतर आषाढी चौमासी चौदसपर्यंतचा काळ पाहावा. जूनच्या मध्याला पालघरला सव्वासातच्या सुमारास दिवस मावळतो. त्याच दिवशी रोममध्ये पावणेनऊला आणि जेनोव्हाच्या किनाऱ्यावर नऊ वाजून गेल्यावर. साडेसातला भोजनगृहाचे दार उघडताच पहिले गिऱ्हाईक म्हणून आत बसावे, घाई न करता जेवावे, उठून समुद्रावर यावे, तरी ऊन अंगावर असते. इटलीत असा पहिला गिऱ्हाईक परदेशी म्हणून ओळखला जातो, एवढेच. पण स्वयंपाकी त्या वेळी मोकळा असतो आणि सूचना नीट ऐकतो, हा लाभ लहान नाही.

सूर्य देशभर एकाच वेळी मावळत नाही, हेही आखणीत धरावे. बारी शहर बरेच पूर्वेला असल्यामुळे तिथे जूनमध्येही साडेआठच्या आतच दिवस संपतो आणि दक्षिणेकडे लोक जेवायला उशिरा बसतात. म्हणून दक्षिणेत मुख्य जेवण दुपारचे ठेवावे. भोजनगृहे साडेबारा ते अडीच उघडी असतात. सायंकाळी फळे, पाव, दूध एवढे पुरते. तीन ते सात मात्र काही मिळेल ही आशा धरू नये. लहान गावांत दुकानेही दुपारी बंद असतात. पुण्याच्या दुकानदारांची थट्टा करणाऱ्यांनी तिथे जाऊन यावे.

आता ताटाकडे. इटलीच्या खाद्यकीर्तीचे नाव घेताच जाणकार बोलोन्याकडे बोट दाखवतात. जैन प्रवाशाने ते शहर निःशंकपणे वगळावे. तिथला ताजा पास्ता अंड्याचा असतो, रसात मांस असते आणि वर परमिजानो रेज्जानो चीज किसलेले असते. या चीजला संरक्षित नाव आहे आणि त्याच्या नियमावलीनुसार दूध फाडण्यासाठी केवळ वासराच्या जठरातील रेनेटच वापरता येते. म्हणजे ‘शाकाहारी परमिजानो’ ही वस्तू कायद्यानेच अस्तित्वात नाही. पेकोरिनो रोमानोला कोकराचे रेनेट लागते. ग्राना पादानोतही रेनेट प्राणिज, शिवाय त्यात बहुधा अंड्यापासून काढलेला लायसोझाइम घटक असतो. भारतातील हिरव्या ठिपक्याची सवय झालेल्या घराला हा धक्का असतो, कारण इटलीत पास्त्यावर चीज भुरभुरणारा वाढपी स्वतःला शाकाहारी पदार्थच वाढतो आहे असे मनापासून मानत असतो. तो फसवत नाही. त्याच्या ‘वेजेतारियानो’ या शब्दात वासराचे जठर येतच नाही.

म्हणून तो शब्द वापरूच नये. ‘वेगानो’ म्हणावे. या एका शब्दाने मांस, मासे, अंडी, चीज, मध, जिलेटिन आणि डुकराची चरबी हे सगळे एकदम दूर होते. मग त्यातून वजा करायचे ते थोडेच उरते : सेन्त्सा चिपोल्ला, म्हणजे कांद्याविना, सेन्त्सा आल्यो, लसणाविना, सेन्त्सा पताते, बटाट्याविना, सेन्त्सा कारोते, गाजराविना, सेन्त्सा फुंगी, अळंब्यांविना. ज्या घरांत वांगे वर्ज्य आहे त्यांनी सेन्त्सा मेलान्झाने जोडावे. अंजीर अभक्ष्यांत मोडते हेही दक्षिणेत लक्षात ठेवावे, कारण तिथे ते झाडाखाली पडलेले असते आणि यजमान प्रेमाने पुढे करतो. हे सारे इटालियनमध्ये एका लहान कार्डावर छापून घ्यावे. बोईसरच्या कोणत्याही छापखान्यात अर्ध्या तासात होणारे काम आहे. कार्डावर ‘आमच्या धर्माचा नियम’ एवढे लिहिले की पुरे. आजार सांगण्याची गरज नसते आणि खोटे बोलण्याचीही.

दुधाला वावडे नसलेल्यांनी ते वेगळे मागून घ्यावे. आइसक्रीमच्या दुकानात फिओर दी लात्ते म्हणजे केवळ दूध-साखरेचा प्रकार बहुधा अंड्याविना असतो. क्रेमा म्हटले की अंड्याचा बलक आला. फळांचा सोर्बेत्तो सर्वांत निर्धोक. पान्ना कोत्तामध्ये जिलेटिन, तिरामिसूत अंडी, काननोलीच्या पुडीत आणि नेपल्सच्या स्फोल्यातेल्लात परंपरेने चरबी. सकाळचा कोर्नेत्तो लोणी-अंड्याचा असतो, पण ‘वेगानो’ कोर्नेत्तो आता अनेक ठिकाणी मिळतो. मास्करपोने आम्लाने जमवतात, त्यात रेनेट लागत नाही. रिकोत्ताबाबत घराघराने आपला निर्णय घ्यावा : ते निवळीपासून होते, परंतु ती निवळी बहुधा रेनेटने केलेल्या चीजचीच असते. आणि पाकिटावर ‘काल्यो’ एवढेच लिहिले असेल तर ते प्राणिज समजावे. ‘काल्यो वेजेताले’ म्हणजे वनस्पतिजन्य. युरोपीय नियमामुळे अंडे, दूध, मासे, सेलरी हे ॲलर्जीकारक घटक पाकिटावर उठून दिसतील असे छापावे लागतात आणि भोजनगृहांनाही ही माहिती द्यावी लागते. नियम ॲलर्जीवाल्यांसाठी झाला. उपयोग आपल्यालाही होतो.

मग खायचे काय? येथून खरी सहल सुरू होते.

मिलानला उतरून रेल्वेने जेनोव्हा गाठावे आणि तिथून पूर्वेच्या किनाऱ्यावरील कामोल्यीसारख्या लहान गावी पाच रात्री मुक्काम करावा. चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत गर्दी फार. तिथे दिवसभरासाठी जाऊन परत यावे. समुद्राला चिकटून धावणारी, दर काही मिनिटांनी बोगद्यात शिरणारी ती स्थानिक गाडी डहाणू लोकलच्या प्रवाशाला लगेच आपली वाटेल. फक्त कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा असतो. ते राहिले तर तिकीट हातात असूनही दंड होतो.

या लिगुरिया प्रांतात श्राविकांच्या प्रश्नाला पहिले उत्तर मिळते, आणि ते बेसनाचे असते. फारिनाता म्हणजे चण्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल. दुसरे काही नाही. पिठाच्या साधारण तिप्पट पाणी घेऊन ते काही तास भिजत ठेवतात, वरचा फेस काढतात, आणि कल्हईच्या रुंद तांब्याच्या थाळ्यात ओतून लाकडाच्या भट्टीत सरकवतात. बाहेर येते ते वरून खरपूस, आतून मऊ, कागदावर तुकडे करून दिलेले. तोंडात टाकताच पुड्याची आठवण होते आणि मग कळते की हा पुडा नाही. तवा आणि भट्टी यांतला फरक जिभेला समजतो. १२८४ मध्ये पिसाविरुद्धची मेलोरियाची लढाई जिंकून परतणाऱ्या जेनोव्हाच्या जहाजांवर वादळात चण्याचे पीठ, तेल आणि समुद्राचे पाणी एकत्र सांडले व उन्हात वाळले, त्यातून हा पदार्थ जन्मला, अशी लोककथा तिथे सांगतात. माल वाया जाऊ न देणाऱ्याची कथा आहे. आपल्या बाजारात ती सहज खपेल. दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. काही दुकाने वर कांदा पसरतात, तेव्हा साधी मागावी. आणि मऊ चीज घातलेली फारिनाता नाकारावी : रेनेटचा प्रश्न आहेच, शिवाय कडधान्याबरोबर दुग्धपदार्थ म्हणजे द्विदळाचा विचार करणाऱ्यांना तो दुहेरी दोष ठरेल.

याच प्रांताचा पेस्तो जगप्रसिद्ध आहे. तुळशीच्या कुळातील बाझिलिको, चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे, लसूण आणि दोन चीज. शिवाय त्रोफिए नावाच्या पास्त्याबरोबर तो वाढताना परंपरेने बटाटा घालतात. लसणाविना पेस्तो दुकानात मिळतो, पण चीज राहतेच. स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेतली तर बाजारातून बाझिलिकोची जुडी, दाणे आणि तेल आणून दहा मिनिटांत घरचा पेस्तो होतो. दोघांनी मिळून स्वयंपाक करण्याची संधी बोईसरच्या भरल्या घरात फारशी येत नाही. शेठना जुडी निवडायला बसवावे.

पास्त्याबाबत एक जुना कायदा मदतीला येतो. १९६७ च्या ५८० क्रमांकाच्या कायद्याने इटलीत सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असे ठरवले. अंडे घातले तर नावातच तसे सांगावे लागते. म्हणून सुका पास्ता, त्यावर मागणीनुसार परतलेला ताजा टोमॅटो, तेल आणि बाझिलिको हे जेवण देशभर मिळते. ‘पोमोदोरो फ्रेस्को’ असे स्पष्ट म्हणावे. तयार टोमॅटो-रसात कांदा-गाजर आधीच विरघळलेले असते आणि ते कोणालाही बाहेर काढता येत नाही. सूप आणि रिसोत्तो टाळावेत. त्यांतले पाणी बहुधा मांसाचे असते.

मधले तीन दिवस रोमला. तिथे पिझ्झा रोस्सा म्हणजे टोमॅटो लावलेली, चीज नसलेली भाकरीसारखी पातळ पोळी पावाच्या दुकानात वजनावर कापून देतात. पिठात चरबी, म्हणजे स्त्रुत्तो, नाही ना हे एकदा विचारून घ्यावे. शहरात ठिकठिकाणी नासोनी नावाचे पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहतात. उकाळलेल्या पाण्याचा नियम असलेल्यांनी मुक्कामी किटली आहे ना, हे पाहून ठेवावे. जुन्या ज्यू वस्तीत अख्खे आर्टिचोक तेलात तळून कमळासारखे उमलवतात. त्याबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकांना जवळची वाटेल. २०१८ मध्ये इस्रायलच्या धर्मपीठाने या पदार्थावर आक्षेप घेतला, कारण मिटलेल्या पाकळ्यांत किडे राहू शकतात आणि अख्खे फळ उलगडून तपासता येत नाही. रोमच्या ज्यू मंडळींनी तो मानला नाही; आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या निवडत आल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. पानकोबी आणि फुलकोबीवरून आपल्या स्वयंपाकघरांत चालणारा वाद हजारो मैलांवर, दुसऱ्या धर्मात, जवळजवळ त्याच शब्दांत चालतो.

रोमला पालघर जिल्हा नवा नाही, हेही येथे आठवावे. नालासोपाऱ्याजवळचे शूर्पारक हे बंदर पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात नोंदलेले आहे, आणि नवपदाच्या ओळीत श्रीपाल राजाचा रास ऐकणाऱ्यांच्या कानावरून सोपाऱ्याचे नाव गेलेले असते. पश्चिम किनाऱ्यावरून तेव्हा रोमकडे मसाले आणि कापड जाई. थोरला प्लिनी तक्रार करतो, की हिंदुस्थान दरवर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. व्यापारतुटीची इतकी जुनी तक्रार, आणि ती आपल्या बाजूने!

शेवटचे पाच दिवस पुल्यामध्ये. रोमहून रेल्वेने चारेक तासांत बारी. जुन्या बारीच्या आर्को बास्सो गल्लीत बायका दारात पाट मांडून ओरेक्क्येत्ते वळतात : रवा आणि पाणी, अंडे नाही. सुरीच्या पात्याने ओढून अंगठ्यावर उलटवलेले ते छोटे कान पाहताना शेवया आणि पापडाच्या दुपारी आठवल्याशिवाय राहत नाहीत. श्राविका त्या पाटाजवळ थांबतील, हे गृहीत धरूनच दिवस आखावा. भाषेची अडचण येत नाही. त्यावर मोहरीवर्गीय पाला परततात, त्यात लसूण आणि अँचोव्ही मासा दोन्ही असतात. कार्ड दाखवून केवळ पाला, तेल आणि मिरची मागावी.

तिथीच्या दिवसाचे उत्तरही याच प्रांतात आहे. सुक्या बाकल्याच्या डाळीचे घट्ट वरण, फावे, हे तिथले जुने गरिबांचे अन्न. ते चिकोरीच्या पाल्याबरोबर वाढतात. पाला वगळला आणि बटाटा नाही याची खात्री केली की आठम-चौदसला डाळ-पाव असे साधे जेवण होते. फ्रिसेल्ले नावाचे दोनदा भाजलेले कडक कडे पाण्यात बुडवून तेल-मीठ लावून खातात. ताज्या पावाला वासी मानणाऱ्यांनाही हे कोरडे कडे चालण्याजोगे वाटू शकेल. आपल्या गुरुमहाराजांना आधी विचारून ठेवावे. ताराल्ली ही खारी कडी मात्र निरुपद्रवी दिसली तरी तिच्या पिठात बहुधा पांढरी वाइन असते.

मुक्कामाला शेतावरचे घर, आग्रितुरिज्मो, घ्यावे. १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुणे ठेवण्याची वाट मोकळी झाली. असा यजमान दोनच ताटांचा स्वयंपाक करतो, त्यामुळे आठवडाभर आधी कार्डाचा मजकूर पाठवला तर तो बाजारहाटच त्याप्रमाणे करतो. आल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपरांची त्रुल्ली घरे आणि आल्तामुराचा रव्याचा पाव तिथून दिवसभरात होतात. एका दिवशी एकच गाव पाहावे. दुपारी झोपावे. शेठना हे जमणे सर्वांत कठीण. फोन दिवसातून एकदाच, भारतातली दुकाने बंद होण्याच्या वेळी, म्हणजे तिथल्या चार-पाचला, असा करार निघण्यापूर्वीच करून घ्यावा.

कागदपत्रांचे काम सरळ आहे. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे-जूनची गर्दी पाहता जानेवारीतच मुंबईची वेळ घ्यावी. किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा, प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचे उतारे, पेढीची नोंदणी. विमानात जैन जेवणाचा संकेत ‘व्हीजेएमएल’ हा आहे; तिकीट काढतानाच तो नोंदवावा आणि निघण्यापूर्वी पुन्हा विचारून खात्री करावी.

सामानात एक कात्री लावावी लागेल. युरोपीय संघात प्रवाशाला भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तुपाचा डबा, पेढे, मोहनथाळ घरी राहतील. खाखरा तेलाचा भाजून घ्यावा. ताजी फळेही, केळी-खजुरासारखे मोजके अपवाद सोडले तर, प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. घोलवडचे चिकू यजमानाला भेट द्यावेत ही कल्पना कितीही गोड असली तरी ते विमानतळावरच जप्त होतील. खाखरा, मुगाची डाळ, तांदूळ, हळद-जिरे आणि लहान कुकर एवढे चार दिवसांचे पाठबळ पुरे. ते उघडावे लागले नाही तर परत आणता येते.

येताना बाजूबंद डब्यातले ऑलिव्ह तेल, आल्तामुराचा रवा आणि सिसिलीचे पिस्ते आणावेत; बाटल्या हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळाव्यात. सासूबाई त्या तेलाची फोडणी करणार नाहीत. पण तेच तेल आणि बेसन घेऊन, ओव्हन चांगला तापवून, एखाद्या रविवारी दिवस मावळण्याच्या आत घरच्यांना फारिनाता खाऊ घालता येते. पीठ सकाळीच भिजवावे.